चाक दुकानात काढू दे, नट तुम्ही आवळा

सप्रेम नमस्कार,

माझी आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, चारही चाकांना अलॉय. राहायला बिबवेवाडीला, नोकरी हिंजवडीला, त्यामुळे रोज किती नि कसल्या रस्त्यांवरून गाडी जाते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता चारही टायर बदलायला आलेत.

गेल्या दिवाळीत एका दुकानात रोटेशन (चाकांची पुढे-मागे अदलाबदल) आणि बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा समतोल) करून घेतलं होतं. एका रिमवर भलामोठा ओरखडा आला, त्यावर 'तो आधीपासूनच होता मॅडम' हे उत्तर मिळालं. पुढे महिनाभराने साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून शिरवळच्या अलीकडे मागचा टायर बसला. पान्यावर उभी राहिले, उड्या मारल्या, पण एक नट हलेना. शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी पाइप लावून सगळे नट काढून दिले, त्यात एका स्टडचे, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या दांड्याचे, आटे गेले. शिवाय दुकानात मालक बोलतात ते सगळं माझ्या भावाकडे बघून. गाडी माझी, हप्ते मी फेडले.

म्हणून ठरवलंय की यंदा चाकं मीच घरी काढणार. ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड मागवलेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकं उतरवायची, भावाच्या गाडीतून दुकानात न्यायची, टायर बदलून आणि बॅलन्सिंग करून आणायची, आणि मीच परत बसवायची. मामांचं नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान आहे. ते म्हणतात, 'अगं, कशाला हे उपद्व्याप? गाडी दुकानात घाल आणि चहा पी.' आईचं एकच पालुपद, जॅक सटकला तर? मी कुणाचं ऐकू?

– एक वाचक, बिबवेवाडी


मामांचं ऐका. फक्त चहा पिऊ नका.

म्हणजे गाडी दुकानातच घाला, पण आतल्या काचेच्या केबिनमध्ये मोबाइल बघत बसू नका, गाडीपाशी उभ्या राहा. तुमच्या पत्रात दोन कामांची सरमिसळ झाली आहे. चाक गाडीवरून उतरवणं हे एक, आणि टायर रिमवरून उतरवणं हे दुसरं. दुसरं काम मशीनचं. टायरच्या कडेत पोलादी तारांचा वेढा असतो, तिला बीड म्हणतात. ती रिमच्या खोबणीतून सोडवायला आणि नव्या टायरची पुन्हा बसवायला मशीन लागतं, ते घरी करायच्या भानगडीत कुणी पडू नये. पहिलं काम मात्र जॅक, पाना आणि थोडा धीर असेल त्याला जमतं. तुम्हालाही जमेल. प्रश्न एवढाच, की या खेपेला ते करून तुमच्या हाती काय लागणार?

स्वतःचं पत्र जरा परत वाचा. शिरवळपाशी तुम्ही अडकलात त्याचं कारण काय? दुकानवाल्याने चाक काढलं हे नव्हे, त्याने ते बसवताना नट बेसुमार आवळले हे. आणि नटांचं म्हणाल तर गाडी घरी आल्यावर, चारही चाकं जमिनीवर असताना, जॅकला हातही न लावता ते सैल करून हवे तेवढेच आवळता येतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. त्यासाठी पंधरा-पंधरा किलोची चार चाकं भावाच्या डिकीत चढवा, दुकानात उतरवा, परत चढवा, घरी परत उतरवा, ही हमाली कशाला?

ओरखड्याचं तर आणखी सोपं. तो बहुतेक वेळा चाक गाडीवरून काढताना येतच नाही. टायर रिमवरून काढताना मशीनचा फाळ घासून येतो, नाहीतर बॅलन्सिंगची जुनी वजनं उचकटताना. म्हणजे चाकं तुम्ही सुटी नेलीत तरी तो धोका जसाच्या तसा, उलट काउंटरवर चाकं टेकवून 'तासाभरात या' म्हटलं की तुम्ही तिथे नसता.

शिवाय अलाइनमेंट राहतेच. ती सुट्या चाकांची होत नाही. चारही रिमना सेन्सर किंवा पट्ट्या अडकवून चाकं किती अंशांत वाकडी आहेत ते बघतात, आणि त्यासाठी अख्खी गाडी रॅम्पवर लागते. त्यात नट काढावे लागत नाहीत हे खरं, तेव्हा तुमची योजना अगदीच मोडीत निघते असं नाही, पण एका कामाच्या दोन फेऱ्या होतात. दुकानदार सांगतात, 'नवे टायर टाकले की अलाइनमेंट बिघडते.' तसं काही नसतं. ती बिघडलेली असते पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी आणि फुटपाथच्या कडेला घासून. जुना टायर वाकडा झिजत राहतो नि आपलं तिकडे लक्ष जात नाही. तेच चालू ठेवलं तर नवा संच पण तसाच झिजेल, म्हणून ती करायची.

यासाठीच दुकानात जायच्या आधी एक गोष्ट जरूर करा. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसा आणि टायरचा आतला काठ बघा, जो एरवी कधीच दिसत नाही. आधी बॅटरी मारून बघा, कारण फार झिजलेल्या टायरमधून तारा बाहेर आलेल्या असतात आणि बोटाला लागतात. तारा नसतील तर तळहात टायरच्या रुंदीवर आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने टोचरं लागलं तर 'टो' बिघडला आहे, म्हणजे चाकं समोरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेली आहेत किंवा फाकलेली. नुसता आतला काठच सपाट झाला असेल तर टो किंवा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर असलेला कल. दोन्ही काठ झिजलेत आणि मधली नक्षी शाबूत आहे, तर हवा कमी ठेवली जात होती. मध्येच झिजलाय तर जास्त. आणि वर्तुळावर थोड्या थोड्या अंतराने चट्टे पडले असतील तर बॅलन्सिंग गेलंय किंवा शॉकअब थकलेत.

याचे फोटो काढून ठेवा. जुने टायर एकदा ढिगात गेले की ही माहिती गेली. दुकानात अलाइनमेंट करणाऱ्याला आधी फोटो दाखवा आणि नंतर कॉम्प्युटरवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढा जुळवता येतो. कॅम्बर लालमध्ये दिसत असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते बदलल्याशिवाय नुसती अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

टायर खरोखर बदलायला आलेत का, तेही त्याच वेळी कळेल. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली. कारसाठी कायद्याची मर्यादा तीच. भर पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून टायर पाणी कापेनासा होतो, तेव्हा मे महिन्यात काठावर असलेला टायर जूनसाठी ठेवू नये. आणि समजा चारऐवजी दोनच बदलायचं ठरलं, तर नवे दोन मागे टाका. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आहे म्हणून सगळे पुढे टाकायला सांगतात. पण ओल्या वळणावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्या हातात नसतं. पुढची सुटली तर निदान ॲक्सिलरेटर सोडून काही करता येतं.

आता नटांकडे येऊ.

टायरच्या दुकानात नट आवळतात ते हवेच्या गनने. ती गन वाईट नाही, भराभर काम होतं. वाईट आहे ती गन बंद केव्हा करायची याला माप नसणं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि हा ताणच चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागावर, दाबून धरतो. ताण कमी पडला तर नट हळूहळू सुटतो. फार झाला तर स्टड कायमचा लांबतो, आटे चुरडतात, आणि मग एखाद्या खेपेला पान्याबरोबर तुटूनच हातात येतो. एक नट पराकोटीचा घट्ट नि शेजारचा बेताचा, असं झालं तर डब्याचं झाकण एका बाजूने दाबल्यावर दुसरीकडून उचकतं, तशी ब्रेकची डिस्क हबवर तिरकी बसते. पुढे जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, आणि त्याचा दोष ब्रेक पॅडवर जातो.

किती आवळायचं याचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा (टॉर्कचा) आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान येतो. तुमचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्या, माझ्याकडून नको. समजा तो १०० आहे. गाडीबरोबर येणारा पाना साधारण पाव मीटर लांब असतो. त्याच्या टोकाला ४० किलोचा जोर दिला की १०० न्यूटन-मीटर होतात. आता ६० किलोचा माणूस त्याच टोकावर उभा राहिला तर? जवळपास १५०. (तुमचं वजन विचारत नाहीये.) तुम्ही उभ्या राहिलात, वर उड्या मारल्यात, तरी नट हलला नाही. महिन्याभरात थोडा गंज धरला असेल असं मानलं तरी तो पुस्तिकेतल्या आकड्याच्या कितीतरी पुढे नेऊन ठेवलेला होता. म्हणजे तुमची ताकद कमी पडली नाही. आणि हाच हिशेब उलटा वाचा: नट आवळताना पान्यावर कधीही उभं राहायचं नाही, पाइप तर नाहीच लावायचा. पाइप फक्त नट काढण्यासाठी.

तेव्हा जॅकवर खर्च केलात तसा टॉर्क रेंचवर, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा जोर आला की आवाज करणाऱ्या पान्यावर, करा. अर्धा इंच ड्राइव्हचा, ४० ते २०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा घ्या. साधा चांगला रेंच एका टायरच्या पैशात येतो. सोबत नटाच्या मापाचा सॉकेट घ्या. बहुतेक गाड्यांना १९ किंवा २१ मिलिमीटरचा लागतो, पण अलॉयच्या भोकात शिरेल असा पातळ भिंतीचा बघा, जाड सॉकेट रिमला घासतो. मामांच्या पेठेत दोन्ही मिळतील. मामांनाच घेऊन जा, भावात फरक पडेल.

दुकानातून गाडी आली की थंड होऊ द्या. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका. लांब दांड्याच्या पान्याने एक नट सैल करा, हाताने फिरेल इतका, आणि लगेच टॉर्क रेंचने आवळा. रेंच 'कट्' करतो, त्या क्षणी थांबायचं. खात्री म्हणून दोनदा-तीनदा कटकट करायची बऱ्याच जणांना खोड असते, त्याने प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकतो. मग समोरचा नट. चार असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक. एका वेळी एकच नट सैल करायचा, बाकीचे चाक धरून असतात. पूर्ण चक्कर झाली की आणखी एकदा सगळ्यांवर रेंच फिरवून बघा. नट सैल करायला टॉर्क रेंच वापरू नका, त्याचं माप बिघडतं, आणि काम झालं की त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून डबीत ठेवा.

स्टडवर तेल, ग्रीस काही नको. 'गंजू नये म्हणून' लावायचा सल्ला देणारे भेटतील. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा असतो. तेलकट आट्यांवर तेवढाच जोर दिला तर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, म्हणजे रेंच असून फुकट.

यानंतर पन्नासेक किलोमीटरनी एकदा परत तपासायचं. अलॉय रिम नव्याने बसल्यावर किंचित दबतात आणि नट थोडा सैल वाटू शकतो. खेड-शिवापूरला जाऊन आलात तरी तेवढं होईल, नाहीतर हिंजवडीची एक जाऊन-येऊन फेरी पुरे.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या आटे गेलेल्या स्टडचं पुढे काय केलंत? पत्रात काहीच नाही. बदलला नसेल तर टायरच्या आधी तो बदलून घ्या, नटासकट. चार नटांच्या चाकात तीनच धरून असतील तर हिंजवडीला जायची गोष्टच सोडा. वस्तू अगदी स्वस्त आहे. शिवाय पाइप लावून काढलेल्या त्या चाकाचे बाकीचे स्टडही मेकॅनिकला नीट बघायला सांगा.

दुकानाबद्दल. रविवारी सकाळी जाऊ नका, अर्धं पुणं तिथेच असतं. आडवारी, दुकान उघडल्या-उघडल्या जा, पोरं ताजी असतात. भावाला घरी ठेवा, मग मालकाला तुमच्याकडेच बघून बोलावं लागेल. आणि बोलायचं ते मालकापेक्षा काम करणाऱ्या पोराशी बोला. त्याला नाव विचारा, पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा कागदावर लिहून हातात द्या आणि म्हणा, 'गन नुसती नट टेकेपर्यंत, पुढचं हाताने.' हे गाडी जॅकवर जायच्या आधी सांगायचं. त्याच वेळी चारही रिमचे फोटो त्याच्यादेखत काढा. भांडणाच्या सुरात नव्हे, 'आमच्याकडे असंच करतात' अशा थाटात. त्यानंतर 'आधीपासूनच होता' हे वाक्य ऐकू येत नाही.

टायर रिमवर चढण्याआधी चारही टायरची तारीख बघा. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. चारही एकाच सुमाराचे मागा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल किंवा 'बाहेरची बाजू' असं इंग्रजीत कोरलेलं असेल तर तो उलटा चढत नाहीये ना, याकडे डोळा ठेवा, गर्दीच्या वेळी हे होतं. अलॉयसाठी मशीनच्या फाळाला प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते लावायला सांगा. कडेला साबणाची पेस्ट लावतात ती लावू द्या, ग्रीस नको. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे हवेत. टायर नवा आणि व्हॉल्व्ह आठ वर्षांचा, ही बचत पंक्चरमध्ये निघते.

हवा भरताना धाड धाड असे दोन आवाज येतात, दचकू नका, कडा खोबणीत बसल्याचे ते आवाज. ते झाल्यावर चाक हातात घेऊन जवळून बघा. रिमला लागून टायरवर एक बारीक उठावाची रेघ गोलाकार गेलेली असते. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. एका ठिकाणी ती रिमच्या आत गडप झाली असेल तर कड तिथे नीट बसलेली नाही. असं चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर शून्य दाखवेल, आणि तरीही सत्तर-ऐंशीच्या वेगाला गाडी हादरेल. हवा सोडून, पेस्ट लावून परत बसवायला लावा. टायरचे पैसे मोजण्याआधी दोन मिनिटं खर्चायची असतील तर ती या रेघेवर खर्चा.

नायट्रोजन? आपण श्वास घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट असेल तर घ्या. भावाची घासाघीस करताना लक्षात ठेवा की सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या बिलाशी तुलना करून 'तोच भाव' म्हणत असतील तर विचारा. बिल तुमच्या नावाने, टायरच्या नंबरांसह.

गाडी उचलताना जॅक कुठे लागतोय ते बघा. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, जॅक त्यांच्या मध्ये लागला पाहिजे. इकडे-तिकडे लागला की ती कड दुमडते, रंग उडतो आणि पुढच्या पावसाळ्यापासून गंज सुरू.

हे सगळं असलं तरी मागवलेला जॅक परत पाठवू नका. चाक काढायला तुम्ही शिकायलाच हवं, फक्त त्यासाठी टायर बदलायचा मुहूर्त कशाला? एखाद्या रविवारी पार्किंगमध्ये एकच चाक काढून परत लावा.

आणि आईंना सांगा की त्यांची भीती रास्त आहे. जॅक सटकतो. आपल्याकडच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, ते जॅकच्या चाकाखाली हलतात किंवा दबतात, म्हणून खाली जाड फळी घाला. बेसमेंटचा उतार टाळा. पाण्याला वाट म्हणून दिलेला ढाळही बघून घ्या. नट पहिला झटका देऊन सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच, हवेत असताना जोर लावला की गाडीच जॅकवरून ढकलली जाते. उचलायचं त्याच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा, विटा नकोत, वीट भुगा होते. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा, जॅक गेलाच तर गाडी चाकावर टेकते. आणि स्टँड असो वा नसो, गाडीखाली डोकं घालायचं नाही.

तुमच्या मूळ योजनेत मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथेच. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. दोन स्टँड लावून मागची दोन्ही चाकं काढलीत की हँडब्रेक नावापुरता. गाडी उभी राहते ती पुढच्या चाकांखालच्या ठोकळ्यांवर आणि पहिल्या गिअरवर. हे माहीत नसताना कुणी नट काढायला जोर लावला तर काय होईल ते आईंनी आधीच सांगितलं आहे.

आठ पावसाळे झालेलं अलॉय हबला गंजाने चिकटून बसलेलं असू शकतं. नट काढले तरी चाक निघत नाही आणि नवखा माणूस हादरतो. दोन नट दोन-तीन आट्यांवर परत लावा, आणि उभ्याने टायरच्या भिंतीवर बुटाच्या तळव्याने वरून, बाजूने ढकला. सुटतं. रिमवर हातोडा नको. सुटल्यावर हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून घ्या. नट बसवताना निमुळती बाजू रिमकडे.

हे जमलं की रोटेशनसाठी तरी दुकानात जायला नको. नवे टायर आठ-दहा हजार किलोमीटर चालले की पुढची दोन सरळ मागे, मागची दोन तिरपी पुढे. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर एका वेळी एकच चाक हवेत ठेवून हे होतं. डावं मागचं काढून तिथे स्टेपनी लावा. ते उजव्या पुढच्याच्या जागी, तिथलं उजव्या मागच्याच्या जागी, तिथलं डाव्या पुढच्याच्या जागी, आणि तिथलं स्टेपनीच्या जागी. पाच वेळा जॅक लावावा लागतो, पण गाडी कधीच दोन चाकांवर राहत नाही. टायरवर दिशेचा बाण असेल तर मात्र तिरपं न्यायचं नाही, त्याच बाजूला पुढचं मागे, मागचं पुढे.

रस्त्यावरची गोष्ट वेगळी. द्रुतगती मार्गावर किंवा साताऱ्याच्या रस्त्यावर वाहत्या गाड्यांच्या बाजूचं, उजवं चाक बसलं तर कडेला पाठ करून बदलायला बसू नका, कितीही येत असलं तरी. धोक्याचे दिवे लावून वीसच्या वेगाने पुढच्या पंपापर्यंत किंवा मोकळ्या जागेपर्यंत जा. टायर जाईल, कदाचित रिमही. जाऊ दे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करून मदत मागता येते.

शेवटचं स्टेपनीचं. तीही आठ वर्षांचीच असणार, आणि बहुधा लोखंडी रिमवर. तिच्या टायरची तारीख बघा. न वापरता पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं, कडेला बारीक भेगा दिसतील. काढलेल्या चारांपैकी एखादा सारख्या मापाचा, सरळ झिजलेला आणि १.६ च्या बराच वर असेल, तर तोच स्टेपनीवर चढवून घ्या आणि उरलेल्या जुन्या टायरांचे पैसे बिलातून वजा करायला सांगा. नसेल तर पाचवा टायर नवा घ्या. अलॉयचे नट लोखंडी रिमवर नीट बसतात का, ते तिथेच दुकानात एकदा लावून बघा. काही गाड्यांत त्यांचं टोक वेगळं असतं, आणि स्टेपनीचे वेगळे नट डिकीतल्या फोमखाली आठ वर्षं पडलेले असतात.